वरच्या पट्टीतले वाल

माझ्या पहिल्या घरमालकिणीला हरणं मुळीच आवडत नसत, आणि जन्मभर ती हरणांसाठी शेत पिकवत होती.

"आली मेली," ती म्हणायची. डोंगराच्या कडेला चितळांची रांग दिसली की आम्ही भाडेकरणी हातातलं काम टाकून बघत राहायचो. ती मात्र तिकडे पाठ करून मिश्री लावत बसायची. कुणी "बाय, बघा ना किती गोड!" म्हटलं की बोट दातांवर तसंच ठेवून म्हणायची, "गोड तर चाटून ये."

तिचं नाव मी लिहीत नाही. तसंही नावाने तिला कुणी हाक मारत नसे. अख्खं गावठण तिला बाय म्हणायचं, तिच्याहून म्हातारे लोकसुद्धा. मुलुंडला, जिथे रस्ता दमून डोंगराच्या पायथ्याशी बसकण मारतो, तिथे तिच्या कौलारू खोल्यांची एक ओळ होती. पुढे अंगण, मागे भाताचं खाचर, आणि खाचराच्या वर, थेट जंगलाला लागून, जमिनीची एक अरुंद पट्टी. तिला सगळे 'वरची पट्टी' म्हणत. ऐंशी सालानंतरचे दिवस. खाली बाजारात रंगीत टीव्ही आले होते, वर डोंगरात बिबळ्या होता, आणि मधे आम्ही.

आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. मी गिरगावातल्या चाळीतून आलेली, बी.ए. झालेली, आणि हरणांच्या बाबतीत बालवाडीत बसवण्याच्या लायकीची. हरीण मी राणीच्या बागेत आणि लग्नपत्रिकेवर पाहिलेलं. खोली बघायला गेलो त्या दिवशी मी शिफॉनची साडी नेसले होते. चेहरा असा, की मीच घर भाड्याने द्यायला आलेय. बायने आम्हाला नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही. मला अंगणात उभं केलं आणि म्हणाली,

"ओरड."

"काय?"

"मोठ्याने ओरड बघू. वरच्या पट्टीपर्यंत गेला पायजे आवाज."

मी पदर सावरला, घसा साफ केला आणि ओरडले, "अहो!"

बाय माझ्याकडे बघतच राहिली. "हरणाला नवरा समजतेस काय गो?"

मग ह्यांनी ओरडून दाखवलं. ह्यांचा आवाज बँकेच्या काउंटरवर बसून बसून तयार झालेला होता, म्हणून खोली मिळाली. तिथली अटच तशी होती. जो खोलीत राहील त्याने वरची पट्टी राखायची. प्रत्येक घराची एक पाळी. आमची शुक्रवारची, संध्याकाळची. हे सातच्या आधी घरी येत नसत, त्यामुळे आवाज ह्यांचा पसंत पडला आणि पाळी माझ्या गळ्यात पडली. संसारात हे असंच असतं, पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी मी वर गेले ती पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटं घेऊन. खालच्या खाचरातला भात कापून झाला होता. वरच्या पट्टीत बायने वाल आणि कुळीथ पेरले होते. वरून एक बारीक झरा पाझरायचा, त्या ओलीवर कोंब नुकते बोटभर झाले होते. पट्टीभोवती वई होती, म्हणजे करवंदीच्या आणि बाभळीच्या फांद्यांचं काटेरी कुंपण. वईवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जुन्या कॅसेटच्या फिती ताणून बांधलेल्या. वारा सुटला की त्या गुणगुणायच्या आणि उन्हात चमकायच्या. हरणं त्या आवाजाला बिचकतात म्हणे. गावठणात कुणाची कॅसेट अडकली की ती बायकडे जायची. मधेमधे जुन्या चिंध्यांच्या पुरचुंड्या लटकत होत्या. मी एक उघडून बघितली तर आत केसांचा गुंता. स्टेशनजवळच्या न्हाव्याकडून बाय पिशवी भरून केस आणायची आणि आम्हाला ताकीद होती की विंचरलेले केस टाकायचे नाहीत. माणसाचा वास आला की हरीण वईपाशी थबकतं. माझ्या लांब केसांचं माहेरी इतकं कौतुक झालं होतं, त्यांचा उपयोग शेवटी हा निघाला.

तर मी दगडावर बसले होते आणि वईच्या एका फटीतून एक चितळाची मादी आत आली. आली, माझ्याकडे तिने बघितलं, आणि मी वितळले. काय ते डोळे, काय ती मान! ती खाली वाकून कोंब खुडू लागली, तरी मी तशीच. हातात बिस्किट, मनात कवितेची पहिली ओळ. तेवढ्यात पाठीत फाडकन काहीतरी बसलं. मातीचं ढेकूळ होतं.

"बाय! मला लागलं!"

"तुलाच मारलाय. हरणाला कळतं काय करायचं ते. तुला कळत नाय."

मादी एव्हाना पळाली होती. बाय लंगडत वर आली. तिचा एक खुबा धरलेला असायचा, त्यामुळे ती कधी धावत नसे आणि कधी थांबतही नसे. खुडलेल्या ओळीपाशी ती वाकली आणि उरलेले बुडखे बोटाने चाचपत म्हणाली, "आता कोंब खाल्ला की वेल मेला. मग शिमग्याला काय खातील, तुझी बिस्किटं?"

"म्हणजे हे त्यांच्यासाठीच आहे?"

"मग काय माझ्यासाठी? माझे दात बघ."

"मग त्यांना हाकलायचं कशाला?"

बायने माझ्या हातातलं बिस्किट घेतलं, खाल्लं, पुडाही घेतला. "पोरीचं लग्न ठरलं म्हणून जेवणाच्या आदल्या दिवशीच पंगत बसवतात काय गो?"

तेव्हा मला तिचा सगळा कारभार समजला. पावसाळ्यानंतर पेरायचं, थंडीभर हरणांना शिव्या देत, ढेकळं मारत, डबे वाजवत पीक वाढवायचं. डोंगरावरचं गवत वाळलं, पाणवठे आटले, की एके दिवशी वरच्या अंगाची वई उचलून बाजूला ठेवायची. मग या, खा. पाला खा, शेंगा खा, वेल उपटून खा. त्या दिवसानंतर तिने हरणांना एक शब्द बोलल्याचं कुणी ऐकलं नाही. पट्टीच्या वरच्या टोकाला एका खोलगट खडकात ती जाड मीठ टाकून ठेवायची. ते खाडीकडच्या मिठागरातून डोक्यावरून आणलेलं असायचं. हरणं ते चाटायला थांबत आणि खाली उतरत नसत. यात प्रेमाचा भाग नव्हता, ती सरळ व्यवहार सांगायची: "वरच्याचं पोट वर भरलं की खालच्याला झोप लागते." हरीण खाली आलं की त्याच्यामागे बिबळ्या खाली येतो. हरीण वर राहिलं की तोही वर राहतो. एवढंच तिचं शास्त्र. मी पुढे वन्यजीवांवरची चांगली जाड पुस्तकं वाचली, चष्मा लावून. त्यांत हेच होतं, फक्त शिव्या नव्हत्या.

पण वई कधी उचलायची, हे बाय ठरवत नसे. ते तिच्या आईने ठरवलेलं होतं. बाय लहान असताना एका संध्याकाळी बिबळ्याने ओटीवरून शेळी उचलून नेली होती आणि त्या शेळीला टेकून बायचा तान्हा भाऊ झोपलेला होता. पोराला ओरखडासुद्धा आला नाही. आईने गावठणाच्या क्रुसापाशी जाऊन नवस केला: वरची पट्टी वरच्यांची. आणि राखेच्या बुधवारी, ज्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात आणि ईस्टरपर्यंतचा मोठा उपास सुरू होतो, त्या दिवशी वई उचलायची. आपला उपास सुरू, त्यांचं जेवण सुरू.

"आईचं डोकं चाललं होतं," बाय म्हणायची. "आपण जे खायचं नाय ते त्यांनी खायचं. हिशेब सरळ."

आई गेली, तो भाऊही मोठा होऊन, म्हातारा होऊन गेला. बायने लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं. तिने 'खोली भाड्याने देणे आहे'च्या पाटीसारखा चेहरा केला आणि म्हणाली, "पट्टी कोण राखणार?" मला ते फार करुण वाटलं. मी रडवेली झाले. मग शेजारच्या परबकाकांनी सांगितलं की तिला एक मागणी आली होती, पण मुलाला हाक मारता येत नव्हती.

परबकाका पलीकडच्या खोलीत राहायचे. मालवणकडचे, गिरणीतले. गिरणीचा संप संपून गेला होता, पण काकांचा संपला नव्हता. सकाळी न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून ते ओटीवर बसत आणि कुठेही जात नसत. आपली पाळी करून दुसऱ्यांच्याही पाळ्या तेच करायचे. त्यांचा एक कुत्रा होता, पिवळट, खरजेला. त्याला ते स्वतःच्या ताटातला भात घालायचे.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचंय, त्या वर्षी पाऊस लवकर गेला. नाताळ झाला आणि थोड्याच दिवसांत डोंगरावर वणवा लागला. गवत सगळं जळालं, काळाभोर डोंगर दिसायला लागला. आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचे कण येऊन बसायचे. जानेवारी संपायच्या आत हरणं खाली यायला लागली. वईला धडका देत होती, पाळीवाल्याला दाद देत नव्हती. वरच्या पट्टीत शिरता आलं नाही की वळसा घालून खाली, अंगणात. कुणाची मेथी खाल्ली, कुणाची तुळस खाल्ली. माझं कौतुक अजून संपलं नव्हतं. "अय्या, आमच्या कुंडीतलं खाल्लं!" असं मी माहेरी पत्र लिहून कळवलं.

आणि त्या वर्षी ईस्टर फार उशिरा होता. राखेचा बुधवार होळीच्या तोंडावर येत होता. अजून महिनाभर अवकाश होता.

एका संध्याकाळी परबकाका कुत्र्याला हाका मारत गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात कुत्र्याच्या गळ्यातला नुसता पट्टा होता. ते ओटीवर बसले. मग काका उठून बायच्या दारात गेले.

"गो बाय, तुझ्या आवशीचो नवस खरो. पण माझो कुत्रो गेलो मा. वई माका काढूक दी."

"नाय."

"हरणांका काय ठावक, तुमचो बुधवार कधी ता?"

"मला ठावक हाय ना?"

मी तिथेच होते. माझी मुलगी, मीनू, तेव्हा नुकती चालायला लागली होती. दिवसभर ती अंगणातच असायची, खोलीत मावेल तर शपथ. कुत्र्याचा पट्टा बघितल्यापासून मी तिला कडेवरून खाली ठेवलं नव्हतं. मी पुढे झाले आणि माझं सगळं बी.ए. पणाला लावलं.

"बाय, देवाला काय कॅलेंडर कळतं का?"

"देवाला नाय कळत. माझ्या आईला कळतं."

"मग आम्ही खोली सोडतो! पोरीला घेऊन जातो गिरगावात!"

"जा. शुक्रवारची पाळी करून जा."

मी पाय आपटत खोलीत आले. ह्यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता दुसरी जागा बघा. हे म्हणाले, बघतो. आमच्या ह्यांचं 'बघतो' म्हणजे काय हे ज्यांनी नवरा केलाय त्यांना सांगायला नको.

त्या दिवसापासून बाय दुपारी चारलाच येऊन अंगणाच्या तोंडाशी बसायला लागली. मांडीवर डबा, हातात काठी. पोरं खेळायची आणि ती बसलेली. अंधार पडला, शेवटचं पोर घरात गेलं, की मग उठायची. उठताना दोनदा खाली बसायची. सकाळी पुन्हा वर पट्टीवर. एवढं करूनही दिवसेंदिवस हरणं वाढत होती आणि तिचा आवाज बसत चालला होता. एकदा मी चहा घेऊन गेले. भांडण असलं तरी चहा न्यायचा असतो, एवढं वळण होतं मला. तिने कप घेतला आणि डोंगराकडे बघत म्हणाली, "कंटाळा आला गो मला. हरणांचा, त्या बिबळ्याचा, आईचा. सगळ्यांचा."

"मग काढा ना वई."

"कंटाळा आला म्हणून नवस सुटत नसतो. सुटला असता तर आईनेच सोडला असता. ती माझ्यापेक्षा आळशी होती."

मग तो शुक्रवार आला. ह्यांना सुट्टी होती म्हणून पाळीला हे गेले होते, आणि मी ओटीवर तांदूळ निवडत होते. दिवेलागणीची वेळ. अंगणातल्या पाण्याच्या टाकीपाशी एक पाडस आलं. इवलंसं, ठिपक्यांचं, कान उभे केलेलं. मीनूच्या हातात पुरीचा तुकडा होता. तिने तो पुढे केला आणि पाडसाच्या मागे तुरुतुरु चालायला लागली. पाडस दोन उड्या पुढे, ही दोन पावलं मागे, अशी वरात खाचराच्या दिशेने निघाली.

आणि मी काय केलं असेल? मी ओटीवरून ओरडले, "अहो, कॅमेरा! कॅमेरा आणा ना लवकर!" हे वर पट्टीवर, कॅमेरा माझ्या भावाकडे गिरगावात. पण ओरडले. तेव्हा मात्र आवाज वरच्या पट्टीपर्यंत गेला.

बायने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वरच्या झाडांतून वानरं खॅक खॅक करायला लागली होती आणि कुठूनतरी एक चितळ शिट्टीसारखं किंचाळलं. मला ते संगीत वाटत होतं. बाय उठली. धावली नाही, तिला धावता येत नव्हतं. सरळ रेषेत, काठी टाकून, खुबा ओढत चालत गेली. मीनूला एका दंडाला धरून उचलली, कडेवर घेतली आणि वळली. पाडस पळालं.

मग मला तो दिसला. खाचराच्या बांधावर बसला होता. दबा धरलेला नव्हता, नुसता बसला होता, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तसा. त्याने बायकडे बघितलं. बायने त्याच्याकडे बघितलं. मग तो उठला, अंग ताणलं आणि चालत वर निघून गेला.

बायने मीनूला माझ्या मांडीत टाकली. ती मला ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. जवळ बसली आणि पाणी मागितलं. भांडं तोंडाला लावताना निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. मीनू पुरी खात होती.

भांडं खाली ठेवून बाय म्हणाली, "सकाळी फादरकडे यायचं माझ्यासंगती."

"मी कशाला?"

"साक्षीला."

फादर तरुण होते, वसईकडचे, नुकतेच आलेले. बाय त्यांच्यासमोर खुर्चीत बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "फादर, उपास राखेच्या बुधवारी सुरू करायचा ना?"

"हो बाय. तुम्हाला काय सांगायचं?"

"आधी धरला तर पाप हाय काय?"

"आधी? किती आधी?"

"उद्यापासून."

फादरनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. "पाप कसलं, बाय? पण कशासाठी? तब्येत बरी आहे ना?"

"पोट बिघडलंय."

"मग डॉक्टरांकडे जा!"

"डॉक्टरकडे राख मिळत नाय. मला राख पायजे."

"राख त्या दिवशीच देतात. आधी मला देता येणार नाही."

"माझ्या चुलीत हाय. ती लावली तर?"

फादर हसले. "चुलीतली राख कपाळाला लावायला कुणाची परवानगी लागत नाही, बाय."

बाय माझ्याकडे वळली. "ऐकलंस? काय बोलले?"

"परवानगी लागत नाही म्हणाले."

"चल."

वाटेत मी तिला विचारलं की हरणांचं का सांगितलं नाही. ती म्हणाली, "पोरगा नवीन हाय. विचार करत बसला असता. विचार करेपर्यंत होळी." आणि थोडं पुढे गेल्यावर, दम खायला थांबून म्हणाली, "उपास माझा हाय. तो मला लांबवता येतो. हरणांना त्यांचा नाय लांबवता येत."

त्या दुपारी तिने घरातले होते नव्हते तेवढे सुके बोंबील तळले आणि स्वैपाकघरात उभ्यानेच खाल्ले. चहा दोनदा प्यायली. मिश्रीची डबी पुसून, झाकण घट्ट लावून कपाटाच्या वर ठेवली. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही वर गेलो, बाय, परबकाका, मी आणि कडेवर मीनू. तिने पदराच्या गाठीतली राख सोडली, स्वतःच्या कपाळाला लावली, मग काही न विचारता काकांच्या, माझ्या आणि मीनूच्याही. मग डोंगराकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली. आईशी बोलत होती बहुतेक, कारण सुरात भांडण होतं. शेवटी मोठ्याने म्हणाली, "बुधवार मी आणलाय. चूक झाली तर माझी, ह्यांच्यावर नको."

आणि परबकाका, जन्मभर गावच्या देवळात देवाला घातलेली गाऱ्हाणी ऐकलेले, हात जोडून सवयीने गर्जले, "व्हय म्हाराजा!"

बायने त्यांच्याकडे असं बघितलं की वाटलं आता ढेकूळ बसणार. पण ती म्हणाली, "असू दे. तिकडूनपण एक सही झाली." आणि तिने वईची पहिली फांदी उचलली.

त्या संध्याकाळी हरणं पट्टीत आली. मी ओटीवरून बघत होते. कविता सुचली नाही. मी मोजत होते ती खाली उतरणारी, आणि खाली एकही उतरत नव्हतं. काही दिवस गेले आणि पोरं पुन्हा अंगणात खेळायला लागली. बांधावर कुणी बसलेलं दिसलं नाही. वरून कधीकधी त्याचा लाकूड कापल्यासारखा आवाज यायचा, पण वरूनच. ह्यांनी जागा बघायचं थांबवलं. सुरू कधी केलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

बायचा उपास मात्र चालूच. दिवसातून एकदा पेज आणि मीठ. मासळी नाही, चहा नाही, मिश्री नाही. मिश्री सोडल्याचा त्रास तिच्याइतकाच आम्हालाही झाला. ज्याला त्याला ती टाकून बोलायची. राखेचा खरा बुधवार आला तेव्हा बाकीच्या गावठणाने उपास सुरू केला आणि बायचं लुगडं तोवर कमरेला दोन वेढे जास्त घेत होतं. चर्चमध्ये ती पुन्हा राख लावून आली. मी म्हटलं, "बाय, आता पुरे. हरणं खाऊन सुखी झाली, पोरं सुखी झाली. देवाने बघितलं. आजपासून निदान चहा तरी घ्या, वय काय तुमचं?"

"मधेच सोडलं तर ते चोर ठरतील."

"कोण?"

"हरणं. उपास पुरा झाला तर पाहुणे, नायतर चोर. आईसमोर मी काय सांगू?"

तिच्यासाठी आणलेला चहा मीच पिऊन टाकला.

ऊन वाढत गेलं. पट्टी रिकामी होत गेली. पहिल्यांदा शेंगा संपल्या, मग पाला, मग वेल. शेवटी हरणं खडकातलं मीठ चाटून जायची तेवढीच. तोवर डोंगरात कुठेकुठे पालवी फुटली होती, उंबर पिकले होते, त्यांचं भागत होतं. बाय आता पट्टीवर जात नव्हती. दारात बाज टाकून बसायची आणि कुणी गेलं-आलं की हात हलवायची.

ईस्टरच्या दिवशी ती चर्चला चालत जाऊन आली. मधे कुठे बसली नाही, असं परबकाकांनी अभिमानाने सांगितलं. शेजारणीने तिला डुकराच्या मटणाची वाटी आणि घावन पाठवले होते, मी भरलेलं पापलेट नेलं. बायने ताट पुढे घेतलं, एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि ताट सरकवलं.

"काय झालं? बरं नाही झालं का?"

"बरं हाय. तोंड विसरलं." मग म्हणाली, "तू खा. परबला दे. काटे वर टाकू नकोस, कुणाला सवय लागायची."

चहा मात्र तिने घेतला. पहिला घोट घेऊन डोळे मिटले, ते उघडलेच नाहीत. कप मी हातातून काढून घेतला. तिला बाजेवर आडवी केली तेव्हा ती मीनूपेक्षा जड वाटली नाही. भर दुपारी झोपलेली बाय मी कधी पाहिली नव्हती. मी निघणार तेवढ्यात डोळे न उघडता म्हणाली,

"वर कोण हाय?"

"कोणी नाही, बाय. आता काय राखायचं? सगळं खाल्लंय."

"तरी."

"अहो, एक पानसुद्धा नाही राहिलं."

"पाळी कुणाची?"

त्या दिवशी वार रविवार होता. पाळी कुणाचीच नव्हती.

"माझी," मी म्हटलं. "जाते मी. तुम्ही झोपा."

तिने हुंकार दिला आणि कुशीवर वळली. मी मीनूला कडेवर घेतलं आणि त्या उन्हात वर गेले. पट्टीत नुसती ढेकळं होती आणि खुरांचे ठसे. मी डोक्यावर पदर घेऊन दगडावर बसले. मीनू मांडीत पेंगायला लागली. बऱ्याच वेळाने वई काढलेल्या जागेतून एक चितळाची मादी आत आली. तिने उघड्या मातीला नाक लावलं, मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"काही नाही उरलं गं," मी हळूच म्हटलं. "जा. आणि पाय वाजवू नकोस, ती झोपलीय."